प्रतिसाद: चालणं ठीक, पण गोळ्यांचं काय?

वरच्या पोस्टमध्ये गरोदरपणात रोज सलग एक तास चालायचं ठरलंय, ते नागपूरच्या मे महिन्यात चार दिवसही टिकणार नाही. अर्धा तास पुरतो आणि तोही तुकड्यांत चालतो: सकाळी सातच्या आत दहा मिनिटं, उरलेली दोन्ही जेवणांनंतर कूलरच्या खोलीत. चालताना बोलता यायला हवं. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल तर हे लागू नाही.

गोळ्यांचं मात्र कुणीच लिहिलं नाही. 'सगळ्या वेळेवर घ्यायच्या' एवढंच ठरवलं की लोह आणि कॅल्शियम एकत्र पोटात जातात आणि लोह नीट शोषलं जात नाही. कॅल्शियम नाश्त्याबरोबर आणि रात्री आठच्या जेवणाबरोबर घ्या, लोह रात्री दहाला, लिंबूपाण्यासोबत. दोन तासांचं अंतर हवंच. चहाही तासभर लांब ठेवा (तर्री-पोह्यांमागे चहा येतोच, म्हणून सकाळ लोहाच्या कामाची नाही). शौचाला काळं झालं तर घाबरू नका, ते बहुतेक लोहामुळे असतं. बद्धकोष्ठ झालं तर गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगून बदलून घ्या.