घोटीनंतरचा रस्ता

'ठाणे-शिर्डी पदयात्रेत कसारा घाट संपला की बघण्यासारखं काही उरत नाही' हे मत पटलं नाही. घोटीला नाशिक हायवे सोडून सिन्नरच्या रस्त्याला लागलं की उजव्या हाताला कळसूबाईची रांग, कडेला भाताची खाचरं (रामनवमीला नुसती धसकटं). पांढुर्ली ओलांडून सिन्नर येईतो खाचरं गायब, कांद्याची काढणी सुरू. पाऊस घाटमाथ्यावरच सांडतो ना!

सिन्नर-वावी-पाथरे पट्ट्यात सावली फार कमी, तो टप्पा पहाटे चारला निघून दहाच्या आत उरकावा. फोड मात्र आधीच, घाट चढताना येतात, घामाने ओल्या झालेल्या मोज्यांमुळे. कोरडी जोडी टेम्पोतल्या सामानात नको, खांद्यावरच्या पिशवीत हवी.