डेटा सफिशियन्सी: दोन अज्ञात असताना एकच समीकरण कसं पुरतं?

काजूबी, डिचोली

जीमॅटच्या (एमबीएच्या प्रवेश परीक्षेच्या) सरावातलं गणित आहे. दिलेली विधानं उत्तर काढायला पुरतात का, एवढंच सांगायचं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एकाने ३५ रुपयांना एक असे नारळ आणि ६० रुपयांना एक अशी सोलांची पाकिटं घेतली. दोन्ही वस्तू निदान एकेक तरी घेतल्या. नारळ किती घेतले?

विधान १: मिळून ८ नग घेतले.
विधान २: एकूण ३५५ रुपये झाले.

अज्ञात दोन, समीकरणं दोन, म्हणून सी (दोन्ही विधानं मिळून पुरतात) धरलं. उत्तर बी (विधान २ एकटं पुरतं) दिलंय. एका समीकरणात दोन अज्ञात सुटतात कसे?

मांडवीकाठ

बी बरोबर आहे. ‘जितके अज्ञात तितकी समीकरणं’ हा नियम अपूर्णांकही चालतात तिथला. इथे नारळ अर्धा मिळत नाही. न आणि स दोन्ही पूर्णांक, शून्याहून मोठे. ही अट गणितात समीकरण म्हणून लिहिलेली नसते, पण तिचं वजन एका विधानाइतकं असतं.

३५न + ६०स = ३५५. सगळ्याला ५ ने भागा: ७न + १२स = ७१. आता ज्याचा सहगुणक मोठा त्याच्या किमती घालून बघा, कमी वेळा घालाव्या लागतात. ७१ मधून १२, २४, ३६, ४८, ६० वजा केले की उरतात ५९, ४७, ३५, २३, ११. यांत ७ ने भाग जातो तो फक्त ३५ ला. स = ३, न = ५, दुसरं काही बसतच नाही. विधान २ एकटं पुरलं. विधान १ एकटं अर्थातच पुरत नाही, ८ नगांच्या सात जोड्या होतात.

पण यावरून ‘नग दिसले की बी’ असं मात्र ठरवू नका. बिल ६५५ झालं असतं तर ७न + १२स = १३१ ला दोन उत्तरं आहेत: १७ नारळ व १ पाकीट, किंवा ५ नारळ व ८ पाकिटं. कारण १२ नारळांचेही ४२० आणि ७ पाकिटांचेही ४२०, अदलाबदल केली तरी बिल तेच. तिथे नगांची बेरीज १३ दिली तर उत्तर सी.

काजूबी

म्हणजे एक जोडी मिळाली की १२-७ ची उडी मारून दुसरी बसते का बघायचं. (५, ३) वरून न १७ केला तर स उणे ४ होतो, म्हणून एकच. देव बरें करूं!

आणखी एक. हो-नाहीच्या प्रश्नात उत्तर ‘नाही’ आलं तर विधान अपुरं ना?

सांतेर

नाही, आणि इथे फार गुण जातात. ठाम ‘नाही’ सुद्धा पुरेसंच. अपुरं कधी? एकदा ‘हो’ आणि एकदा ‘नाही’ येऊ शकतं तेव्हा.

समजा प्रश्न असा: पणजी-मडगाव बसचा सरासरी वेग ताशी ५० किमीहून जास्त होता का? विधान १: ३६ किमी अंतर ४५ मिनिटांत कापलं. विधान २: निम्मं अंतर ताशी ४० ने, निम्मं ६० ने. पहिल्यातून ताशी ४८, म्हणजे ‘नाही’. पुरलं. दुसऱ्यात अंतर दिलेलं नाही म्हणून बरेच जण ते सोडून देतात, पण अंतर कटून जातं: १२० किमी धरा, दीड तास अधिक एक तास, अडीच तासांत १२०, पुन्हा ४८. उत्तर डी (दोन्ही विधानं एकेकटी पुरतात). (४० आणि ६० ची सरासरी ५० तेव्हाच येते जेव्हा निम्मा वेळ दिलेला असतो, निम्मं अंतर नव्हे.)

दोन्हीकडे ४८ आलं हा योगायोग नाही. जीमॅटमध्ये दोन विधानं एकमेकांना खोटं पाडत नाहीत. वेगळं आलं तर स्वतःची आकडेमोड तपासा.

मांडवीकाठ

वेळेबद्दल: आता हे प्रश्न डेटा इनसाइट्स विभागात असतात, ४५ मिनिटांत २० प्रश्न, पडद्यावर कॅल्क्युलेटर. तो बहुतेक वेळा लागत नाही, उत्तर एकच निघतं एवढी खात्री झाली की पुढे जा. नगांच्या गणितात मात्र एक जोडी मिळाली म्हणून थांबू नका, दुसरी बसते का ते बघावंच लागतं.

आणि दुसरं विधान खरंच नवीन आहे का ते बघा. ६५५ च्या गणितात नगांऐवजी ‘दुप्पट माल घेतला असता तर १३१० झाले असते’ असं दिलं, तर ते तेच समीकरण २ ने गुणलेलं. दोन जोड्या तशाच उरतात, उत्तर ई (दोन्ही मिळूनही पुरत नाहीत).