जुना व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प सापडलाय, लावायच्या आधी काय बघू?

शाहूपुरीकर_गिटार:
मंडळी, थोरल्या काकांचा गिटार अ‍ॅम्प खाली काढलाय. काका ऑर्केस्ट्रात वाजवायचे. माळ्यावर होता म्हणून २०१९च्या महापुरातनं वाचला. समोरचं नाव पुसलंय, मागं 'मेड इन इंग्लंड' तेवढं दिसतंय. आत काचेचे व्हॉल्व्ह: स्पीकरला ताकद देणारे ईएल८४ दोन, गिटारचा बारीक सिग्नल वाढवणारे ईसीसी८३ तीन आणि एसीचं डीसी करणारा ईझेड८१ एक. एका ईसीसी८३चं डोकं आतनं चांदीसारखं नाही, दुधासारखं पांढरं झालंय. मेनची वायर दोन तारांची. अजून प्लगला लावला नाही. एकजण म्हणतो आधी सगळे व्हॉल्व्ह बदल. बदलू का?

रेडिओकाका_मंगळवारपेठ:
लावला नाहीस ते झ्याक केलंस. तो पांढरा पडलेला व्हॉल्व्ह गेला, त्यात हवा शिरली. बाकीच्यांना हात लावू नकोस. ज्याला काही सुचत नाही तो आधी व्हॉल्व्ह बदलतो, हे मी आयुष्यभर बघत आलोय.

मागं व्होल्टेजचा सिलेक्टर असेल, तो २४०वर आहे का बघ. ११०वर असला तर आपल्या लायनीवर ट्रान्सफॉर्मर गेलाच समज. मग दोन तारांची वायर काढ, तीन तारांची घाल आणि अर्थ चॅसीला (आतल्या धातूच्या सांगाड्याला) नट-बोल्टनं आवळ. गिटारच्या तारा शेवटी चॅसीलाच जोडलेल्या असतात बाबा, अन् त्या तुझ्या बोटाखाली असतात.

फिल्टरचे (डीसी सपाट करणारे) मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर मात्र नवे घाल, वाद नको. बारके कपलिंग कंडेन्सर (एका व्हॉल्व्हचा सिग्नल पुढच्याला देणारे, पण डीसी अडवणारे) पिवळे, मोहरीच्या रंगाचे असतील तर ठेव. तपासून बघ, बहुतेक चांगलेच निघतात.

वाइंडर_उद्यमनगर:
काकांच्या आधी माझं ऐका, ट्रान्सफॉर्मर बघा. बाकी सगळं बाजारात मिळतं, तो मिळत नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या (ईएल८४ आणि स्पीकरच्या मधल्या) मधल्या टॅपपासून, म्हणजे वाइंडिंगच्या मध्यातनं काढलेल्या तारेपासून, दोन्ही टोकांना ओहम मोजा. थोडा फरक चालतो, पण एक बाजू उघडी (आत तार तुटलेली) दाखवली तर गेला. मग व्हॉल्व्ह काढून, तारा सोडवून वाइंडिंग ते कोअर मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावा. माळ्यावर इतके पावसाळे काढलेत, दमट असणारच. मेगर कमी आला म्हणून लगेच रिवाइंडला आणू नका. खोक्यात ६० वॅटचा बल्ब लावून आधी सुकवा, दोन-तीन दिवसांनी परत मोजा. (धंदा माझाच बुडतोय हे सांगून, पण असू दे.)

शाहूपुरीकर_गिटार:
सिलेक्टर २४०वरच आहे. आउटपुटच्या दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या दाखवतात. फिल्टर कंडेन्सर बदलल्यावर पुढं काय?

रेडिओकाका_मंगळवारपेठ:
सिरीज बोर्ड कर, म्हणजे अ‍ॅम्पची लाइन एका बल्बमधनं जाईल असा; त्यात १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब. एलईडी नको, त्यानं काही कळत नाही. स्पीकर जोडलेलाच ठेव, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर उडेल. दोन्ही ईएल८४ काढून चालू कर. बल्ब झपकन पेटून मंद झाला तर बरं, तसाच भगभगत राहिला तर बंद कर, कुठंतरी शॉर्ट आहे.

मंद झाला की ईएल८४च्या सॉकेटच्या पिन २वर (ग्रिड, जिथं सिग्नल आत जातो) डीसी मोज. शून्याच्या आसपास हवं. तिथं चार-पाच व्होल्ट दिसले तर कपलिंग कंडेन्सर गळतोय, आणि त्यावर व्हॉल्व्ह बसवलास तर प्लेट (व्हॉल्व्हच्या आतला पत्रा) लालबुंद होईल. लोक मग व्हॉल्व्हला शिव्या देतात, दोष असतो त्या बारक्या कंडेन्सरचा.

ते ठीक आलं तर ईएल८४ बसवून, बल्ब काढून कॅथोडवर (व्हॉल्व्हचं इलेक्ट्रॉन सोडणारं टोक) मोज. दोघांना मिळून १३० ओहमचा एकच रेझिस्टन्स असेल, तर त्यावर दहा-साडेदहा व्होल्ट चालतील. बारापुढं गेलं तर बंद कर, एका ईएल८४ची प्लेट १२ वॅटपर्यंतच सोसते.

एक हात खिशात ठेवून मोजायचं. बंद केल्यावरही कंडेन्सर रेझिस्टन्समधनं रिकामा केल्याशिवाय आत बोट घालू नकोस, तीनशे व्होल्ट ठासून असतात त्यात. पिन २चं काय येतंय ते इथं टाक.