मदत हवी आहे: सहाव्या जॉर्जचा १९३९चा चांदीचा रुपया खरा कसा ओळखावा, कुठे शोधावा?

नमस्कार मंडळी,

सहाव्या जॉर्जचे रुपये मी वर्षवार लावते आहे. १९३८चा ठिपक्याचा आणि बिनठिपक्याचा असे दोन्ही आहेत, १९४० ते १९४५ सगळे आहेत, लाहोर टांकसाळीचा 'एल' खूण असलेला १९४४चाही मिळाला, आणि शेवटचा १९४७चा निकेलचा वाघवाला रुपया तर शाळेत असल्यापासून जवळ आहे. राहिला तो फक्त १९३९चा. अल्बममधला तो एकच कप्पा रिकामा आहे आणि पान उघडलं की नजर आधी तिथेच जाते.

हा रुपया दुर्मिळ का, ते नवीन संग्राहकांसाठी थोडक्यात सांगते. १९३८ आणि १९३९चे रुपये जुन्या पद्धतीच्या चांदीचे, म्हणजे ९१.७ टक्के शुद्धतेचे आणि बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम वजनाचे. सप्टेंबर १९३९मध्ये युद्ध सुरू झालं. लोकांनी नोटा देऊन चांदीचे रुपये घ्यायचे आणि ते घरात पुरून ठेवायचे असं सुरू झालं, १९४०च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडल्यावर तर त्याला ऊतच आला. सरकारने एक रुपयाची नोट काढली आणि रुपयातली चांदी निम्म्यावर आणली: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. पुढच्या काही वर्षांत राणी छाप, राजा छाप असे सगळे जुने रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून काढून वितळवले गेले. १९३९चा रुपया नेमका या कचाट्यात सापडला. टांकसाळीतून निघाला आणि हातोहाती फिरायच्या आतच परत भट्टीत गेला.

आता माझा प्रश्न. पुण्यातल्या एका प्रदर्शनात एका विक्रेत्याने मला १९३९चा रुपया दाखवला. वजन ११.६च्या आसपास, आवाज खणखणीत, कड साधी दातेरी. किंमत अर्थातच चांदीच्या भावाच्या कितीतरी पट. 'खरा आहे' असं बिलावर लिहून द्यायला मात्र तो तयार नाही. मी मोबाइलला भिंग लावून फोटो काढले आहेत. शेवटच्या ९च्या खालच्या बाजूला, डावीकडे, नाण्याचा सपाट भाग जरा वेगळा चमकतो. बाकी नाणं अगदी सरळ दिसतं.

१) एवढ्यावरून काही सांगता येईल का?
२) विश्वासाने कुठे शोधावा?
३) कधीकाळी गळ्यात घालायला कडी लावलेला, आता कडी काढून घासलेला १९३९ मिळत असेल तर घ्यावा का?

— रिकामाकप्पा

प्रतिसाद: कलदार

ताई, वजन, आवाज आणि कड तपासलीत हे योग्यच केलंत, पण या एका नाण्यापुरतं त्या तिन्हींवरून काहीच सिद्ध होत नाही. लोक इथेच फसतात.

१९३९चा बनावट रुपया दोन प्रकारे येतो. एक म्हणजे सरळ साचा काढून ओतलेला, किंवा जर्मन सिल्व्हरवर (तांबं, निकेल, जस्त यांचा चांदीसारखा दिसणारा मिश्रधातू) छापलेला. तो पकडणं सोपं. पाण्याचं भांडं अचूक वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा, नाणं दोऱ्याला बांधून तळाला न टेकता पूर्ण बुडवा. ११.६६ ग्रॅमच्या खऱ्या रुपयाला काटा साधारण १.१३ ग्रॅम दाखवेल. जर्मन सिल्व्हरला तोच आकडा १.३च्या पुढे जातो. झिजलेलं नाणं असेल तर त्याच्या वजनाला या आकड्याने भागा, १०.३च्या जवळपास उत्तर यायला हवं.

दुसरा प्रकार घातक. अस्सल १९३८चा रुपया घ्यायचा आणि शेवटच्या ८चं खालचं वेटोळं डाव्या बाजूने कोरून त्याचा ९ करायचा. नाणं शंभर टक्के सरकारी, चांदी खरी, वजन खरं, कडही खरी. खोटा फक्त एक अंक. तुम्ही सांगितलेली चमक नेमकी त्याच जागी आहे जिथे ८चा डावा भाग कापावा लागतो. मला हे अजिबात ठीक वाटत नाही.

दहापट भिंगाखाली, उजेड एका बाजूने तिरपा पाडून बघा. टांकसाळीच्या ठशातून आलेला सपाट भाग सलग असतो, त्यावर वर्षांची झीजही एकसारखी बसते. कोरलेल्या जागी बारीक ओरखडे, किंचित खळगा किंवा घोटून आणलेली चकाकी दिसते. आणखी एक सोय या वर्षाने आपल्याला करून दिली आहे: १९३९मध्ये ९ दोनदा येतो. दुसऱ्या अंकातला ९ कोणीही छेडलेला नसतो. त्याच्याशी शेवटचा ९ ताडून बघा. शेपटीची जाडी, वळण, उंची, अंक जिथे नाण्यातून वर उठतो ती धार, सगळं जुळायला हवं. तुमचा स्वतःचा १९३८ शेजारी ठेवा म्हणजे ८ कुठे संपत होता तेही कळेल.

नाण्याच्या कडेबद्दल एक भर. १९४०पासूनच्या निम्म्या चांदीच्या रुपयांना नकला रोखण्यासाठी मधोमध खाच असलेली सुरक्षा कड दिली गेली. त्यामुळे १९३९ म्हणून दाखवलेल्या नाण्याला ती कड असेल तर पुढे बघायचीच गरज नाही. उलट साधी कड म्हणजे खरेपणाचा पुरावा नव्हे, कारण १९३८लाही तीच आहे.

विक्रेता लिहून देत नसेल तर घेऊ नका. एवढ्या किमतीच्या नाण्याला लेखी हमी आणि परतीची मुदत मागणं हा तुमचा हक्क आहे.

प्रतिसाद: पेठेतला

जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी १९३९ची पावली किंवा तांब्याचा पाव आणा दिसतो आणि लोक 'एकोणचाळीस सालचं, दुर्मिळ' म्हणून दुप्पट पैसे देतात. दुर्मिळ आहे तो फक्त अख्खा बंदा रुपया. बाकीच्या नाण्यांसाठी घाई करायचं कारण नाही.

प्रतिसाद: दर्यावर्दी

बाजारात हिंडण्याआधी नातेवाइकांच्या घरी विचारा. आमच्याकडे रत्नागिरीत लक्ष्मीपूजनाला चांदीचे रुपये मांडतात. ते वर्षभर बटव्यात बंद असतात आणि त्यांची सालं कोणी वाचलेलीच नसतात, राजा छाप म्हटलं की झालं. मला माझा १९११चा रुपया असाच मावशीच्या पूजेच्या डबीत सापडला. तोच, ज्यावर राजाच्या झग्यावरचा हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि १९१२मध्ये चित्र सुधारावं लागलं.

ओळखीच्या सराफालाही सांगून ठेवा. मोडीत आलेले रुपये वितळवण्याआधी तो चाळून बघू देतो. आणि कळकळीची विनंती: सापडलं तर चिंच, लिंबू, पूड काही लावू नका. काळपट थर आहे तसा राहू द्या. घासलेल्या नाण्याची किंमत तर जातेच, पण अंक कोरला आहे की नाही हे ओळखायची खूणही पुसली जाते.

प्रतिसाद: थेम्सकाठी

इंग्लंडमधल्या लिलावांत ब्रिटिश हिंदुस्थानची नाणी नेहमी येतात, कारण निवृत्त होऊन परतलेल्या कुटुंबांनी ती सोबत आणली होती. एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थांच्या सीलबंद पेटीतला १९३९ घेतलात तर अंकाची काळजी बरीच मिटते. मात्र पेट्यासुद्धा नकली निघतात. पेटीवरचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाका आणि तिथला फोटो असेल तर समोरच्या नाण्याशी ओरखडा न् ओरखडा जुळवून बघा. मागवताना सीमाशुल्क आणि लिलावगृहाचं कमिशन आधीच हिशोबात धरा.

उलट दिशेने मात्र जपून. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येतं आणि भारताबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे अदलाबदलीत पंचम जॉर्जचा १९११चा रुपया मला पाठवतो म्हणालात तर चालणार नाही.

प्रतिसाद: रिकामाकप्पा

सगळ्यांचे मनापासून आभार. कलदार, तुम्ही सांगितल्याप्रमाणे दोन्ही ९चे फोटो मोठे करून शेजारी ठेवले. पहिल्या ९ची शेपटी भरीव आहे आणि छान वळून थांबते. शेवटच्याची बारीक आहे, आतल्या बाजूने तासल्यासारखी, आणि तिच्या डावीकडे दोन समांतर ओरखडे आहेत. माझ्या १९३८वर ८चं वेटोळं नेमकं त्याच जागेपर्यंत येतं. विक्रेत्याला 'नको' असं कळवलं आहे.

वाईट वाटतं ते त्या नाण्याचं. चांगला, जपलेला अडतीसचा रुपया कुणीतरी लोभापायी कायमचा खराब केला.

तिसरा प्रश्न अजून आहे. दुसरीकडे एक १९३९ दिसला आहे, वरच्या कडेला कडीच्या डागाची (झाळून जोडल्याची) खूण आहे, राजाचं तोंड बरंच झिजलंय, साल मात्र स्पष्ट आहे.

प्रतिसाद: कलदार

अंक स्वच्छ असतील तर जरूर विचार करा. गळ्यात घातलेला रुपया भट्टीतून वाचला तो त्या कडीमुळेच. डागामुळे किंमत बरीच उतरते आणि नोकरदार संग्राहकाला हे नाणं परवडतं ते बहुधा याच रूपात. फक्त डाग लपवायला पूर्ण कड घासलेली नाही ना, हे पाहा, आणि पैसे मोजताना कडी काढलेल्या नाण्याचाच भाव धरा. पाण्यातलं वजन मात्र इथे थोडं फसवेल, कारण डागाचा धातू वेगळा असतो.

घेतलात तर मऊ प्लॅस्टिकच्या पीव्हीसी पाकिटात ठेवू नका, त्याने नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. आणि दोन्ही ९ व कडेचे फोटो या धाग्यावर नक्की टाका. खऱ्या १९३९चे जवळून काढलेले फोटो मराठीत कुठे एकत्र नाहीत, पुढच्या शोधणाऱ्याला त्यांचा फार उपयोग होईल.