मदत हवी आहे: खोक्यावर 'एक्स९९', आत एच८१ चिपसेट
मंडळी, ऑनलाइन एक स्वस्त चिनी मदरबोर्ड घेतला, सोबत जुना झिऑन ई५-२६८० व्ही४ (इंटेलचा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर). खोक्यावर ठसठशीत 'एक्स९९', पण साटा पोर्ट (हार्ड डिस्क, एसएसडी जोडायच्या जागा) चारच! इंटेलच्या खऱ्या एक्स९९ चिपसेटला (बोर्डावरचे पोर्ट वगैरे सांभाळणारी चिप) १० असतात, म्हणून शंका आली. एचडब्ल्यूइन्फो (आतले भाग ओळखून दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवून पाहिलं तर निघाला एच८१, म्हणजे चौथ्या पिढीच्या आय३-आय५ बोर्डांवरचा. रॅम नि ग्राफिक्स कार्ड थेट प्रोसेसरला जोडलेलं, त्यामुळे तिथे काही अडत नाही. पण मशीन एकदा स्लीपमध्ये गेलं की उठतच नाही. बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) अपडेट कुठून आणायचं? विक्रेता तर गप्पच. असा बोर्ड वर्ष-दोन वर्षं रोज कुणी वापरलाय का? दुकानाचं टॅली यावर ठेवू की परत पाठवू? परतीला चारच दिवस उरलेत.