'तुम्ही तरुण, तुम्हाला येतच असणार!' : अनुभव धागा

कोरा_कागद
काल कार्यालयात नव्याने रुजू झालेल्या मुलीकडे बंद पडलेला प्रोजेक्टर सोपवून आणि "तुमच्या पिढीला हे जन्मतःच येतं" असे सांगून सर्वजण खुर्च्यांवर निवांत रेलले, तेव्हा मला माझे उमेदवारीचे दिवस आठवले. वयाने सर्वांत लहान म्हणून प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढण्याचे काम कायम माझ्याकडे असे, आणि शाईने काळे झालेले हात धुऊन परत आल्यावर "आजकालच्या पोरांचं लक्ष कामात नसतं" हेही मलाच ऐकावे लागे. तंत्रज्ञानाच्या बाबतीत केवळ वयावरून तुम्हाला गृहीत धरले गेले असेल, तर ते अनुभव येथे लिहावेत.

फळा_खडू
मी शाळेत संगणक शिकवते. रील कापून, त्यावर संगीत चढवून ती पाहता पाहता तयार करणारी मुले स्वतःच जतन केलेली फाइल कोठे गेली हे सांगू शकत नाहीत, कारण फोनवर फोल्डर उघडण्याची वेळच त्यांच्यावर फारशी येत नाही. अमेरिकी शिक्षणविषयक लेखक मार्क प्रेन्स्की यांनी २००१ मध्ये 'डिजिटल नेटिव्ह' (डिजिटल तंत्रज्ञानातच लहानाची मोठी झालेली पिढी) ही कल्पना मांडली आणि मुलांना यातले काही शिकवावेच लागत नाही, असा सोयीस्कर अर्थ अनेकांनी त्यातून काढला. प्रत्यक्षात २०१८ च्या आयसीआयएलएस या संगणक व माहिती साक्षरतेच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत आठवीतले जेमतेम २ टक्के विद्यार्थी सर्वोच्च पातळीपर्यंत पोहोचले. ज्यांना येत नाही ती मुले विचारतही नाहीत. त्यांच्या वयाला हे आलेच पाहिजे, असे आपणच ठरवून टाकलेले असते.

निवृत्त_पण_जागी
माझे अगदी उलटे आहे. नोकरीची उमेदीची वर्षे मी कोबोल या जुन्या संगणकभाषेत प्रोग्राम लिहिण्यात घालवली, आणि आता प्रत्येक काउंटरवरचा तरुण मला 'ओटीपी' म्हणजे काय ते आवाज चढवून, एकेक अक्षर सुटे करून समजावतो. मला ऐकूही व्यवस्थित येते, हे त्याला कोणीतरी सांगावे.

धाकटी_पाती
आजी, आवाज चढवणाऱ्यांच्या वतीने क्षमस्व! आमच्याकडे डोकेदुखीपासून केसगळतीपर्यंत सर्व विकारांचे मूळ माझा फोन आहे. "तो फोन आधी खाली ठेव" असे दरडावणारे काका थोड्याच वेळात आपला फोन घेऊन शेजारी येऊन बसतात आणि विसरलेला पासवर्ड बदलून मागतात.

तळटीप
त्याच काकांकडून 'अत्यंत महत्त्वाचे, सर्वांना पाठवा' असे संदेशही येत असतील. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीच्या काळात फेसबुकवर पासष्टीपुढील व्यक्तींनी सर्वांत तरुण गटाच्या जवळजवळ सातपट खोट्या बातम्यांचे दुवे पसरवले होते. तरीही भोळसट म्हणून बदनाम होते ती तरुण पिढीच!

निवृत्त_पण_जागी
तळटीप, सरासरीचा हा आकडा प्रत्येक म्हाताऱ्याच्या कपाळी चिकटवू नका. त्याच अभ्यासात बहुसंख्य लोकांनी, वृद्धांनीसुद्धा, असा एकही दुवा पाठवलेला नव्हता. न संपणारे स्क्रोलिंग तर बोटाचे वय विचारत नाही. रात्री उशिरापर्यंत आमच्या घरी जागे असतात ते आमचे 'हे', नातवंडे नव्हेत.

धाकटी_पाती
आजी, आजोबांच्या फोनमध्ये वेळमर्यादा लावून देऊ का? पासवर्ड मात्र तुम्हीच ठरवा.