22 वर्षं यंत्रमागावर, आता नातीचं बोलणं कळत नाही

प्रश्न (इचलकरंजी):
साध्या यंत्रमागावर 12 तासांची पाळी करतो. शेडात धोट्याचा (सूत घेऊन मागात इकडून तिकडे धावतो तो) खडखडाट असा, की आम्ही हातवाऱ्यांनीच बोलतो. घरी आलो की कानात कुंईं वाजत राहतं. बायको म्हणते, टीव्ही गल्लीला ऐकू जातो. नात काही बोलली की मी नुसती मान हलवतो. कानात कापूस घालतो, त्याचा उपयोग होतो का?

उत्तर:
काका, कापूस सोडा, त्यानं आवाज फारसा अडत नाही. फोमचे बोळे मिळतात. बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हातानं कान वर-मागे ओढा, आत सरकवून अर्धा मिनिट दाबून धरा. आमच्याकडं निम्मे जण ते नुसते कानाच्या तोंडाशी टेकवतात!

उत्तर (ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी करते):
आवाजानं आधी 4000 हर्ट्झच्या आसपासचं, म्हणजे बारीक, उंच आवाजांचं ऐकणं जातं, म्हणून लहान मुलांचं बोलणं निसटतं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखता येतं. 85 डेसिबलला 8 तास ही मर्यादा धरली, तर दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 94 ला एकच तास. तपासणी सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पाळीआधी करा.

उत्तर:
कारखाने अधिनियम, 1948 च्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे सरकारला कळवायच्या आजारांच्या यादीत, हा बहिरेपणा होता; 2025 पासून त्याच्या जागी आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 च्या तिसऱ्या अनुसूचीतही तो आहे. रिपोर्ट जपून ठेवा.

प्रश्नकर्ता:
जॉबर (माग दुरुस्त करणारा) म्हणतो, बोळे घातले तर माग बिघडलेला कळणार नाही. 22 वर्षांत मला तो हाताला कळतो. सोमवारी जातो तपासायला.